वाघ डोंगरात, डुकरे वावरात

अकोला जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील तेल्हारा तालुक्याला निसर्गाने दोन अगदी भिन्न सीमा दिल्या आहेत. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेची भिंत उभी आहे आणि तिच्यापलीकडे मेळघाटचे अरण्य आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरलेला आहे. या दोहोंच्या मध्ये, डोंगरातून उतरणाऱ्या वाण नदीच्या आधाराने हिवरखेड, अडगाव, दानापूर, सौंदळा या परिसरातील काळी जमीन कापूस, तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकविते. जेथे पाणी गोडे आहे तेथे केळी आणि संत्री होतात. अरण्याला इतका चिकटून असलेला हा मुलूख. तेव्हा येथील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे वाघ-बिबट्यांविषयी असेल, असा तर्क शहरातील वाचक करील. प्रत्यक्षात या भागातील शेतकरी वाघाचे नाव सर्वांत शेवटी घेतो. त्याचे पहिले गाऱ्हाणे रानडुकरांविषयी असते, दुसरे रोह्यांविषयी, तिसरे हरणांविषयी आणि चौथे वानरांविषयी.

या क्रमातच वन्यजीवांच्या संपूर्ण प्रश्नाचे मर्म साठविलेले आहे. हिंस्र पशू माणसाचे नुकसान करतात, हे उघड दिसते. गाय मारली गेली तर तिचे कलेवर दिसते, पंचनामा होतो, वर्तमानपत्रात बातमी येते. हिंस्र पशू नसल्यामुळे जे नुकसान होते, ते मात्र कोणाच्याही नावावर मांडले जात नाही. ते हळूहळू होते, रात्री होते, आणि सकाळी धुऱ्यावर उभ्या असलेल्या एकट्या शेतकऱ्याला तेवढे कळते. या दोन नुकसानींचा हिशेब एकाच वहीत मांडल्यावाचून शेतीचे, वनांचे आणि वन्य प्राण्यांचे कोणतेही धोरण शहाणपणाचे ठरणार नाही.

बक्षिसांचे अर्धशतक

वऱ्हाडच्या मैदानात शिकारी जनावरे कधी नव्हतीच, असे नाही. लांडगा हा येथील माळरानाचा जुना रहिवासी आहे. कोल्हा, खोकड, तडस, रानमांजर ही मंडळी गावकुसाबाहेर नित्य वावरत असत. काळविटाच्या मागे धावणारा चित्ता हाही भारतातील खुल्या गवताळ प्रदेशाचाच प्राणी होता. इंग्रजी राजवटीने या सर्वांना शेतीचे शत्रू मानले आणि त्यांच्या मुंडक्यांवर बक्षिसे लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांतून जो हिशेब काढला आहे, तो थक्क करणारा आहे. १८७५ ते १९२५ या अवघ्या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. चित्ता तर १९५२ मध्ये देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. २०२२ च्या सप्टेंबरात कुनो येथे आफ्रिकेतून चित्ते आणून सोडले गेले, पण वऱ्हाडच्या काळविटांना त्याचा काही धाक वाटण्याचे कारण नाही.

शिकारी पशू मारले जात असतानाही दीर्घकाळ रोही आणि डुकरे आटोक्यात राहिली, याचे कारण माणूस स्वतःच शिकारी होता. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने होते. फासेपारध्यांसारखे समाज डुकरे, हरणे, तित्तिर पकडून आपली गुजराण करीत. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ मध्ये पुसला गेला, पण लोकांच्या मनातून पूर्णपणे पुसला गेलेला नाही. त्यांच्या उपजीविकेचा शेतकऱ्याला होणारा उपयोग मात्र कोणीच जमेस धरला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. तो नसता तर मेळघाटात आज वाघ उरला नसता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मैदानातील डुकरांना आणि रोह्यांना खाणारा पशू आधीच संपला होता आणि त्यांना मारणारा माणूसही बाजूला झाला. दोन्ही लगाम सुटले. एका वेतात चार-सहा पिले देणारी डुकरीण आणि बहुधा जुळी प्रसवणारी रोहीण, यांना याहून अनुकूल परिस्थिती कोणती मिळणार?

शिकारी पशू नेमके काय करतो?

एक वाढ झालेला वाघ वर्षाकाठी सुमारे पन्नास मोठी जनावरे मारून खातो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. सांबर, गवा, चितळ, रानडुक्कर हे त्याचे खाद्य. रानकुत्र्यांची टोळी, मेळघाटात ज्यांना कोळसून म्हणतात, तीही हेच करते. परंतु केवळ मारलेल्या जनावरांची संख्या मोजून शिकारी पशूचे कार्य कळत नाही. त्याचे अर्धे काम भयाने होते. वाघाच्या वावराचा वास असलेल्या नाल्यात हरिण फार वेळ चरत नाही. कळप सतत जागा बदलतात. एकाच ठिकाणचे गवत आणि रोपे मुळासकट संपत नाहीत. रात्रभर निर्धास्तपणे एकाच तुरीच्या वावरात लोळणाऱ्या डुकरांच्या कळपाशी या दृश्याची तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो.

अमेरिकेतील कैबाब पठाराचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९०६ मध्ये तेथे हरणांसाठी राखीव क्षेत्र घोषित झाले आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारी शिकाऱ्यांनी प्यूमा, लांडगे आणि कायोटी यांचा संहार केला. हरणे इतकी वाढली की, वनातील पाला पुरेना, आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत ती मोठ्या संख्येने उपासमारीने मेली. पुढे अभ्यासकांनी या कथेतील आकड्यांविषयी शंका घेतल्या. पठारावरील गुरे-मेंढ्यांची चराई कमी झाली हेही हरणे वाढण्याचे कारण असावे, असे दाखवून दिले. ती शंका रास्त आहे. पण शिकारी पशू काढून टाकला की शिकार सुखी होते, ही समजूत त्या पठाराने कायमची खोटी ठरविली, हेही तितकेच खरे.

वनशेतीच्या दृष्टीनेही हा विचार महत्त्वाचा आहे. मेळघाट हे महाराष्ट्रातील सागवानाचे जुने आगर. १८६६ पासूनच तेथील वनांचा काही भाग राखीव झाला. गवे सागाची साल सोलतात, साळिंदर कोवळ्या झाडांच्या बुंध्याची साल कुरतडून त्यांना मारते, बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना वास्ते म्हणतात, ते तर बहुतेक सर्वच तृणभक्षकांना प्रिय. बिबट्या साळिंदर मारतो, वाघ गवा मारतो. म्हणून त्यांची गणना वनरक्षकांत करावयास हरकत नाही. एवढेच नव्हे, तर वाघ आहे म्हणून कुऱ्हाडही जपून चालते. त्याचप्रमाणे लहान शिकाऱ्यांचे मोलही ओळखले पाहिजे. नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातील सातपुड्यात ११३ वर्षांनी पुन्हा सापडलेला रानपिंगळा आज मेळघाटात सर्वाधिक संख्येने नांदतो. तो आणि त्याचे भाऊबंद उंदीरही खातात. घुबड, धामण, कोल्हा आणि रानमांजर यांनी एका हंगामात खाल्लेल्या उंदरांचा हिशेब कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या ताळेबंदात येत नाही. पण हरभऱ्याच्या घाट्यात तो असतो.

अर्धे सत्य

तेव्हा वाघ वाढवा म्हणजे डुकरे आपोआप कमी होतील, असा सोपा निष्कर्ष काही निसर्गप्रेमी काढतात. हे अर्धेच सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याने शेतकऱ्याचे समाधान होत नाही. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. १९९७ मध्ये त्याच्या दक्षिण अंगास नरनाळा, वाण आणि अंबाबरवा ही अभयारण्ये झाली. म्हणजे संरक्षणाची सीमा अकोट-तेल्हाऱ्याच्या अगदी उंबरठ्याशी आली. महाराष्ट्रातील वाघांची संख्या २००६ च्या गणनेत १०३ होती, ती २०२२ मध्ये ४४४ झाली. या यशाचा अभिमान वाटावा असाच आहे. तरीही डोंगराच्या पायथ्याची डुकरे कमी झाल्याचा अनुभव शेतकऱ्याला नाही. कारण स्पष्ट आहे. वाघ डोंगरात राहतो, डुकरे वावरात राहतात. वाणच्या पाण्याने बारमाही झालेली बागायत, नाल्याकाठची बाभुळबने, पडीक धुरे आणि उंच वाढलेली तूर यांनी त्यांना मैदानातच घर, अन्न आणि पाणी दिले आहे. ती आता रानातून येत नाहीत. ती इथलीच झाली आहेत.

मग वाघ-बिबट्यांनाच मैदानात येऊ द्यावे काय? त्याचे उत्तर पश्चिम महाराष्ट्राने दिले आहे. जुन्नरपासून अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोल्यापर्यंत बिबट्या उसात राहू लागला. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, तेथील बिबट्याचे प्रमुख खाद्य गावातली कुत्री हे आहे. म्हणजे शेतीतील बिबट्या पिकाचा राखणदार होत नाही. तो अंगणातला शेजारी होतो, आणि जुन्नर भागातील अनेक घरांनी त्या शेजाराची किंमत आपल्या मुलांच्या प्राणांनी मोजली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याची वाघीण १३ माणसांच्या मृत्यूंस कारण मानली गेली आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली; तिच्यावरून देशभर वाद झाला. त्या वादात वाघिणीचे नाव सर्वांना माहीत झाले. मेलेल्या तेरा जणांची नावे किती जणांना सांगता येतील? जेथे माणूस हातात विळा घेऊन वाकून काम करतो, तेथे मोठ्या शिकारी पशूला जागा नाही, हे स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य निसर्गप्रेमींनीही दाखविले पाहिजे.

ज्यांनी मोल मोजले

वाघाच्या रक्षणाचे खरे मोल कोणी मोजले, हा प्रश्नही तेल्हारा-अकोटच्या भूमीवर प्रत्यक्ष उभा आहे. मेळघाटच्या गाभ्यातून केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा, अमोना, नागरतास, बारुखेडा अशी गावे उठली आणि तेथील कोरकू व इतर कुटुंबे डोंगराखाली वसविली गेली. व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २००८ च्या योजनेप्रमाणे प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपये, हा त्यांचा मोबदला. गावे उठली, तेथे गवत उगवले, गवतावर सांबर-चितळ आले, त्यांच्यामागे वाघ आला. व्यवस्थापनाच्या भाषेत हे यश आहे. पण जमीन, रोजगार, आरोग्य यांच्या तक्रारी अनिर्णित राहिल्याने त्यांतील काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीजवळ वनखाते, पोलीस आणि आदिवासी यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. वाघासाठी ज्याने घर सोडले, तोच मैदानात येऊन रात्री डुकरांपासून चार एकर राखीत बसतो, याहून विपरीत चित्र कोणते असेल?

नुकसानभरपाईची व्यवस्था आज पूर्वीपेक्षा उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्रात २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये मिळतात. गाय, म्हैस वा बैल मारला गेल्यास २०२२ च्या निर्णयाप्रमाणे बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम मिळते. पिकांच्या बाबतीत मात्र वन, महसूल आणि कृषी या तीन खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन पंचनामा करावा लागतो. तिघांची सवड जुळेपर्यंत डुकरांनी तुडविलेला हरभरा वाळून जातो, आणि रोजची थोडी थोडी नासाडी तर पंचनाम्याच्या व्याख्येतच बसत नाही. ही जोखीम पीकविम्यात २०२६ च्या खरिपापासून समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. निर्णय स्वागतार्ह आहे. तो किती उपयोगी पडतो, हे विमा कंपनीचा माणूस वावरात किती तासांत पोहोचतो यावर ठरेल.

नासाडीचा दुसरा हिशेब तर कोणीच मांडीत नाही. भुईमूग हे डुकरांच्या भीतीने अनेक गावांनी सोडलेले पीक आहे. ज्वारी तर वऱ्हाडात कपाशीची सखी होती. ती मागे पडण्यास बाजार आणि मजुरी ही मोठी कारणे खरीच, पण डुकरांचा आणि पाखरांचा उपद्रव हेही एक कारण होते. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे गेली, आणि जनावरांबरोबर शेणखत गेले. न पेरलेल्या पिकाचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

बंदूक, कुंपण आणि वीज

उपायांच्या बाबतीतही टोकाची भाषाच अधिक ऐकू येते. कायद्यात उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यास मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये रोही व रानडुकरे यांच्या बाबतीत ती प्रक्रिया सुलभ केली. परंतु शेतकऱ्याजवळ बंदूक नाही, असली तर नेम नाही, आणि रोही मारण्यास त्याचे मन धजत नाही. तिच्या नीलगाय या नावात गाय आहे. बिहारमध्ये जून २०१६ मध्ये बाहेरून शिकारी आणून मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले. देशभर गदारोळ झाला. मारलेल्या कळपाच्या जागी शेजारचा कळप येतो, हे जाणकार सांगतात. म्हणून प्रासंगिक गोळीबार हा उपाय नव्हे. दरवर्षी मोजणी करून, पिलावळीच्या हंगामाआधी, प्रशिक्षित माणसांकडून आणि ग्रामसभेच्या देखरेखीखाली केलेले डुकरांचे नियंत्रण ही वेगळी गोष्ट आहे. फासेपारधी समाजातील माणसांचे रानाविषयीचे ज्ञान या कामी सन्मानाने आणि कायद्याच्या चौकटीत उपयोगात आणता येईल. ज्या कौशल्यापायी त्यांच्या वाडवडिलांना गुन्हेगार ठरविले, त्याच कौशल्याचा पगार त्यांना मिळाला तर तो न्यायच होईल.

सर्वांत घातक उपाय म्हणजे कुंपणाच्या तारेत चोरून सोडलेला विजेचा प्रवाह. तो डुकराला मारतो तसाच वाघाला मारतो, बिबट्याला मारतो, आणि अंधारात धुऱ्यावरून चालणाऱ्या शेजाऱ्यालाही मारतो. सौर कुंपणाचा झटका मारीत नाही, पळवितो. त्याला अनुदान आहे. पण एकेका शेतकऱ्याने स्वतंत्र कुंपण घातले की कळप शेजाऱ्याच्या वावरात शिरतो. म्हणून कुंपण शेताचे नको, शिवाराचे हवे, आणि त्याची देखभाल गावाने करावयास हवी.

आणि शेवटी वीज. रात्रपाळीची वीज शेतकऱ्याला ओलितासाठी ज्या वेळी वावरात नेते, त्याच वेळी साप, अस्वल आणि डुकरे तेथे असतात. डोंगरालगतच्या गावांत अस्वलाचे भय वाघाच्या भयापेक्षा कमी नाही. दिवसा सौरवीज देण्याच्या योजना २०१७ पासून चालू आहेत. त्यांत पहिला क्रम अभयारण्यांना लागून असलेल्या गावांचा लागावा, ही मागणी कोणत्याही पक्षाने करावी आणि कोणत्याही पक्षाने मान्य करावी इतकी साधी आहे.

एक निर्णय, आणि त्याची दुसरी बाजू

अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज लोहमार्गाचे रुंदीकरण वाण अभयारण्यातून व्हावे की मेळघाटला वळसा घालून, यावर बराच वाद झाला. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने पर्यायी मार्गाचा आग्रह धरला आणि जंगल टाळून अडगाव, हिवरखेडवरून पश्चिमेकडे वळणारा मार्ग पुढे आला. त्या निर्णयाने वाघाचे अरण्य अखंड राहील आणि तेल्हाऱ्याच्या गावांना रेल्वेही मिळेल. अरण्याचे हित आणि गावाचे हित एकाच निर्णयात बसविता येते, याचा हा पुरावा आहे. पिकांच्या बाबतीत तसा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

डोंगरात वाघ निर्धास्त असावा, माळावर लांडग्याला आणि कोल्ह्याला जागा असावी, आणि जेथे त्यांचे काम संपते तेथे ते काम शासनाने हिशेबाने, दयाबुद्धीने आणि वेळेवर करावे, एवढेच या प्रश्नाचे सार आहे. देशात लांडगे आता तीन हजारांच्या आसपासच उरले आहेत, म्हणजे जवळजवळ वाघांइतकेच. पण त्यांच्या नावाने प्रकल्प नाही. वाघाच्या रक्षणाचे श्रेय राष्ट्र घेते. त्याचा खर्चही राष्ट्राने उचलला पाहिजे. तो आज वाणकाठचा शेतकरी आणि डोंगराखाली उतरलेला कोरकू उचलीत आहेत, तेही रात्रीची जागल करून, हाती टेंभा आणि डबा घेऊन.